रात्रभर उघडं डोनटचं दुकान : गल्ला, कढई आणि मागचं दार

निशाचर (धागाकर्ता)

अमेरिकन पोलीस आणि डोनट हा विनोद घासून गुळगुळीत झालाय, पण त्यामागचं कारण अगदी साधं आहे. गिऱ्हाईक पहाटे पाचला दारात उभं असतं, म्हणून डोनटचं पीठ मध्यरात्रीच मळायला घ्यावं लागतं. आत माणूस जागा, तेल तापलेलं, मग पुढचं दार तरी कशाला बंद ठेवायचं? रात्री दोन वाजता दिवा, गरम कॉफी, फोन आणि रिपोर्ट लिहायला टेबल हे सगळं एका जागी मिळायचं ते डोनटच्या दुकानात. गस्तवाल्यांची सोय झाली आणि मालकाला फुकटचा पहारा मिळाला.

गंमत इथवर ठीक. पुढे मालक लोक पोलिसांच्या येण्याजाण्यावरच विसंबून बसतात, तिथे गाडी घसरते. गस्तीची गाडी पंधरा-वीस मिनिटं थांबते, रात्र असते आठ तासांची. पोलीस गिऱ्हाईक आहे ही चांगली गोष्ट आहे, पण ती सुरक्षेची योजना नव्हे. रात्रभर उघडं दुकान वस्तीला आधार देतं की डोकेदुखी, हे दुकानाच्या मांडणीवर ठरतं : रोकड कुठे आहे, रस्त्यावरून आत काय दिसतं, मागचं दार कसं वापरलं जातं. आणि चोरापेक्षा मोठा धोका तर आतच उकळत असतो.

धागा त्यासाठीच. ज्यांना नेमकं माहीत आहे त्यांनी नेमकं लिहा. डोनट आरोग्याला वाईट वगैरे चर्चा कृपया दुसरीकडे.

गल्लेवाला

सुरुवात गल्ल्यापासून करतो. रात्रीच्या किरकोळ दुकानांसाठी फ्लोरिडाने १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला कायदा केला. तो रात्री ११ ते पहाटे ५ या वेळात उघड्या असणाऱ्या किराणा-पेट्रोल छापाच्या दुकानांना लागू आहे. रेस्तराँ त्यातून वगळलेली आहेत, त्यामुळे डोनटवाला सहसा त्यात सापडत नाही. तरी यादी उचलावी अशी आहे :

चोराची ओळख पटेल असं चित्र देणारा कॅमेरा. नोट आत टाकता येते पण नोकराला उघडता येत नाही अशी तिजोरी. वाहनतळावर पुरेसा उजेड (कायद्यात २ फूट-कँडल, म्हणजे साधारण २१ लक्स, तोही जमिनीपासून १८ इंचांवर मोजायचा). गल्ल्यात ५० डॉलर किंवा त्याहून कमी रोकड आहे अशी दारावर पाटी. खिडकीतून गल्ला स्वच्छ दिसेल इतपतच जाहिराती. दाराच्या चौकटीवर उंचीच्या खुणा. पोलिसांना कळवणारी मूक घंटा. शिवाय नोकरांना लुटीच्या वेळी कसं वागायचं याचं प्रशिक्षण.

तिथे एकदा गंभीर गुन्हा घडला की पुढची पायरी सक्तीची होते. रात्री दोन माणसं ठेवा, किंवा गल्ला काचेच्या सुरक्षित कोठडीत घ्या, किंवा रखवालदार नेमा, किंवा दार बंद ठेवून खिडकीच्या खोबणीतून व्यवहार करा. चारपैकी काहीतरी एक करावंच लागतं.

पाळताना हमखास चूक होते ती तिजोरीत. तिजोरी आणतात, जमिनीत बोल्ट मारत नाहीत. किंवा किल्ली रात्रपाळीच्या माणसाकडेच ठेवतात, 'सकाळी सुट्टे लागतात' म्हणून. मग पाटीला अर्थ उरत नाही आणि त्या माणसाच्या जिवाला धोका वाढतो. सुट्ट्यांची वेगळी पुडी संध्याकाळीच बांधून ठेवा. रात्री तिजोरी कुणालाच उघडता येत नाही, हे खरंच खरं असलं पाहिजे.

शंकासुर

पाटी वाचून चोर परत जातो? काहीतरीच.

गल्लेवाला

शंकासुर, पाटी एकटी काही करत नाही, ती बाकीच्याला दुजोरा देते. १९७० च्या दशकात दक्षिण कॅलिफोर्नियातल्या सेव्हन-इलेव्हन दुकानांत यावर प्रयोग झाला. पूर्वी लुटमार केलेल्यांनाच विचारलं, की बाबांनो, दुकान कशावरून निवडता? त्यावरून रोकड कमी केली, खिडक्यांवरची भित्तिपत्रकं काढली, गल्ला दर्शनी भागात आणला, उजेड वाढवला. बदल केलेल्या दुकानांत लुटीचं प्रमाण बाकीच्यांपेक्षा सुमारे ३० टक्क्यांनी कमी निघालं. चोर हिशेबी असतो. पन्नास डॉलरसाठी, रस्त्यावरून दिसत असताना, एवढा धोका पत्करायचा का, एवढंच तो बघतो.

'रात्री दोन माणसं' यावर मात्र वाद आहे. फ्लोरिडातल्या गेन्सव्हिल शहराने १९८६ मध्ये तसा नियम केला आणि लुटी घटल्या. पण त्याच सुमारास तिथे लुटारू पकडलेही गेले होते, त्यामुळे श्रेय नियमाला द्यायचं की अटकेला यावर अभ्यासकांत एकमत नाही. दुसरा माणूस ठेवायचाच तर तो पुढे ठेवा. मागे पीठ लाटणारा माणूस असून नसल्यासारखा.

उंबरठा

मागच्या दाराबद्दल कुणीच बोललं नाही अजून. डोनटच्या दुकानाचं वेगळेपण तिथेच आहे. किराणा दुकानात रात्री मागे कुणी नसतं. इथे बेकर मध्यरात्रीपासून मागेच असतो, आत प्रचंड उकडतं, मग तो मैद्याची गोणी किंवा तेलाचा डबा लावून दार उघडं ठेवतो. पुढे चार कॅमेरे आणि मागे सताड उघडं दार.

उपाय, स्वस्तातले आधी :

कचरा रात्री बाहेर टाकायचा नाही. रिकामे डबे, पुठ्ठे आतच एका कोपऱ्यात, उजाडल्यावर बाहेर.

दाराला आपोआप मिटणारा दांडा आणि डोळा (भिंग). माल आणणारा आला तर आधी डोळ्यातून बघायचं, मग उघडायचं.

उकाडा हे दार उघडं ठेवण्याचं खरं कारण आहे, ते नुसत्या दटावणीने जात नाही. हूडचा (तळणीच्या वरच्या, धूर ओढणाऱ्या छत्रीचा) पंखा हवा बाहेर फेकतो, तेवढी ताजी हवा आत यायला वाट नसेल तर खोली कोंदते आणि माणूस दार उघडतोच. भरपाईच्या हवेची सोय दुरुस्त करा, दार आपोआप बंद राहील.

एक मोठी चूक, आणि ती जिवावर बेतते : चोराच्या भीतीने मागच्या दाराला आतून साखळी-कुलूप. आग लागली तर तीच बाहेर पडायची वाट आहे. बाहेरून उघडणार नाही आणि आतून किल्लीशिवाय, एका धक्क्यात उघडेल, असाच आडवा दांडा हवा. तो ढकलला की घंटा वाजेल असाही मिळतो.

कॅमेऱ्याबद्दल जाता जाता. छतावरच्या कॅमेऱ्यात टोपीच दिसते. एक तरी कॅमेरा बाहेर पडायच्या दाराशी, माणसाच्या चेहऱ्याच्या उंचीवर, आतल्या बाजूला तोंड करून हवा.

रात्रपाळी

लूट झाली तर काय करायचं, तेही लिहून टाकतो, कारण नेमकं ऐनवेळी आठवत नाही.

जे मागतील ते द्यायचं. हात दिसत ठेवायचे आणि हालचाल करण्याआधी सांगायचं : 'गल्ला उघडतोय', 'मागे अजून एक माणूस आहे, तो बाहेर येईल'. मागचा माणूस अचानक पुढे आला की गोळी सुटते, म्हणून हे आधी सांगणं महत्त्वाचं. पाठलाग नाही. मूक घंटा सुरक्षित असेल तरच दाबायची.

ते गेल्यावर आधी दार आतून बंद, मग ९११ (अमेरिकेतला तातडीचा नंबर). त्यांनी हात लावलेल्या वस्तू तशाच राहू द्या, काउंटर पुसू नका. जे हजर होते त्यांनी एकमेकांशी बोलायच्या आधी वेगवेगळ्या कागदांवर वर्णन लिहायचं. आधी बोललं की सगळ्यांच्या आठवणी एकसारख्या होतात आणि नेमकी चुकीची आठवण पक्की होते. उंची दाराच्या खुणेवरून लिहायची. कपडे बदलता येतात, म्हणून बूट, चाल, हात, आवाज यांकडे जास्त लक्ष.

झारा

आता माझा विषय. डोनटचा फ्रायर हा फ्रेंच फ्राइजच्या फ्रायरसारखा नसतो. तो पसरट आणि उथळ असतो, कारण डोनट तेलावर तरंगत तळायचा असतो, बुडवून नाही. २४ × २४ इंची फ्रायर म्हणजे ४ चौरस फूट उघडं गरम तेल. आग लागली तर ज्वाळेला तेवढं मोठं तोंड.

यीस्टचा डोनट साधारण १८० ते १८५ अंश सेल्सिअसला, केकचा त्याहून किंचित वर, १९० च्या आसपास. वनस्पती तेल आपोआप पेट घेतं ते साधारण ३६० च्या पुढे. म्हणजे मध्ये भरपूर अंतर आहे. मग आगी लागतात कशा?

पहिलं कारण, थर्मोस्टॅटची नळी. तेलात बुडालेली तांब्याची बारीक नळी क्लिपमध्ये बसवलेली असते. साफसफाईत, जाळी घासताना ती क्लिपमधून निसटते आणि तेलाच्या वर येते. तिला वाटतं तेल गार आहे, ती बर्नर चालूच ठेवते. म्हणून आठवड्यातून एकदा वेगळा तापमापक तेलात धरून काट्याशी ताडून बघायचं. फरक ५ अंशांच्या वर गेला तर मेकॅनिक.

दुसरं, हाय-लिमिट. थर्मोस्टॅट बिघडला तर गॅस तोडणारा हा दुसरा पहारेकरी. अमेरिकन अग्निसंहितेत त्याची कमाल मर्यादा ४७५ फॅरनहाइट, म्हणजे २४६ सेल्सिअस. तो एकदा तुटला की लाल बटण हाताने दाबून परत चालू करावा लागतो. रात्री तीन वाजता माल अडलेला असतो, माणूस बटण दाबतो, पुन्हा तुटतं, पुन्हा दाबतो, शेवटी कुणीतरी वायर जोडून तो बायपास करून टाकतो. आग त्या दिवशी लागत नाही. महिन्याभराने लागते, तेव्हा वायर कुणी जोडली ते कुणाला आठवत नसतं. नियम सोपा ठेवा : एका पाळीत दुसऱ्यांदा तुटला की फ्रायर बंद.

तिसरं, आणि हे खास डोनटचं. बरेच लोक तेलाऐवजी घट्ट वनस्पती तूप (आपल्या डालड्यासारखं) वापरतात, कारण गार झाल्यावर ते परत गोठतं आणि डोनट तेलकट लागत नाही. सकाळी गोठलेला ठोकळा तसाच वर ठेवून फ्रायर पूर्ण आचेवर लावला, तर खाली बर्नरच्या नळ्यांभोवतीचं तूप आधी वितळतं, तिथे पोकळी होते, नळी उघडी पडते आणि लाल होते. आधी धूर, मग ज्वाळा. तूप आधी कापून नळ्यांच्या खाली, मध्ये, वर हाताने दाबून भरायचं, पोकळी ठेवायची नाही. मग 'मेल्ट'वर, म्हणजे आच चालू-बंद होत राहील अशा बेताने, नळ्या पूर्ण बुडेपर्यंत. त्यानंतरच थर्मोस्टॅट १८० ला.

चौथं, जुनं तेल. तेल थकलं की ते धूर धरण्याचं तापमान खाली येतं. ताजं रिफाइन्ड तेल २२० ते २३० पर्यंत शांत असतं, थकलेलं १८० लाच धुरायला लागतं. कडांवर पिवळा फेस टिकून राहिला, काळसर रंग, झाऱ्यावरून धार तुटत नाही, अशा खुणा दिसल्या की बदला.

शंकासुर

आणि लागलीच, तर? सगळीकडे लाल सिलिंडर टांगलेला असतोच की, एबीसी पावडरचा.

झारा

तो फ्रायरवर मारू नका. पावडरने ज्वाळा क्षणभर विझते, पण तेल तेवढंच गरम राहतं आणि पुन्हा पेटतं. शिवाय जोराच्या फवाऱ्याने पेटतं तेल उडून बाहेर येतं. १९८० च्या दशकात स्वयंपाकघरं प्राण्यांच्या चरबीकडून वनस्पती तेलाकडे वळली, फ्रायरही जास्त उष्णता धरून ठेवणारे आले, आणि जुन्या पावडर यंत्रणा कमी पडू लागल्या. म्हणून हूडमधल्या स्वयंचलित यंत्रणेसाठी यूएल ३०० हे नवं मानक आलं, ते नोव्हेंबर १९९४ पासून. आता नळीतून ओलं रसायन फवारलं जातं. ते क्षारयुक्त असतं आणि गरम तेलाशी मिळून चक्क साबण तयार करतं. साबणाचा फेस तेलावर झाकणासारखा बसतो, हवा तोडतो आणि थंडही करतो. तेच रसायन भरलेला हातातला सिलिंडर म्हणजे के-क्लास. तो फ्रायरपासून ३० फुटांच्या आत हवा.

क्रम असा : हूडची हाताने ओढायची कडी ओढायची (ती बाहेर पडायच्या वाटेवर, हूडपासून १० ते २० फुटांवर, ४२ ते ४८ इंच उंचीवर असते), मग के-क्लास. कडी ओढली की गॅस आपोआप तुटायला हवा. सहा महिन्यांच्या तपासणीत हे खरंच होतं का ते करून दाखवायला सांगा. कागदावर सही बहुतेक जण घेतात, गॅसची झडप पडलेली फार थोडे बघतात.

हूडचा पंखा मात्र बंद करायचा नाही. धूर ओढत राहायला हवा, यंत्रणेची चाचणीही पंखा चालू धरूनच झालेली असते.

पाणी तर नावालासुद्धा नाही. पाण्याची वाफ झाली की तिचं आकारमान सुमारे १७०० पट होतं, आणि ती तेलाच्या तळाशी होते. सगळं तेल छतावर जातं.

नवा फ्रायर घेताना हेही विचारा : 'आमच्या हूडचा नोझल एवढ्या पसरट फ्रायरसाठी मान्य आहे का?' प्रत्येक नोझलला क्षेत्रफळाची मर्यादा असते. जुना छोटा काढून मोठा बसवला आणि नोझल तोच ठेवला, तर एक कोपरा उघडा राहतो.

चिमणीवाला

झारा, डक्ट राहिली, म्हणजे हूडमधला धूर छतावर नेणारी नळी. चोवीस तास तळण असेल तर हूड-डक्टची तपासणी दर तीन महिन्यांनी, मध्यम वापराला सहा महिन्यांनी. तेलाचा थर साचला की फ्रायरमधली छोटी ज्वाळा डक्टमधून छतावर पोचते आणि शेजारची लाँड्री, वरची बिऱ्हाडं सगळी धोक्यात. 'वस्तीची सुरक्षा' म्हणतात ती खरी इथे. सफाईवाला फक्त दिसणारा हूड चमकवून जातो, डक्टची झाकणं उघडत नाही. छतावरच्या पंख्याचं झाकण उघडून आतून फोटो मागा.

आणखी एक, लोकांना खोटं वाटतं : तेलकट फडकी. धुवून, ड्रायरमधून गरम-गरम काढून घडी घालून ढीग रचला की आत उरलेलं तेल हवेशी मिळून तापत जातं आणि काही तासांनी ढीग आपोआप पेटतो. जपानमध्ये टेंपुराच्या तळणीत उरलेल्या चुऱ्याच्या ढिगानेही अशा आगी लागल्या आहेत. फडकी पसरून गार करा, चुरा झाकणाच्या लोखंडी डब्यात, पाणी घालून, बाहेर.

खांब

धोका दारातूनही येतो, चार चाकांवर. स्ट्रिप मॉलमध्ये (समोर वाहनतळ असलेली दुकानांची रांग) गाड्या थेट काचेकडे तोंड करून लागतात. ब्रेकऐवजी ॲक्सिलरेटर दाबला की गाडी टेबलापर्यंत. सिमेंटचा चाक-अडवणीचा ठोकळा वेगातल्या गाडीला थांबवत नाही, चाक उडी मारतं.

पोलादी खांब घ्याल तर एएसटीएम या मानकं ठरवणाऱ्या संस्थेच्या एफ ३०१६ चाचणीतून गेलेला मागा. त्यात ५००० पौंडांची गाडी ताशी १०, २० किंवा ३० मैलांनी धडकवतात. दुकानासमोर बहुधा २० किंवा ३० चा लागतो. दोन खांबांत मोकळं अंतर ३ फुटांपेक्षा कमी नको, व्हीलचेअर गेली पाहिजे, आणि ५ फुटांच्या पुढे नको, गाडी शिरेल. नुसत्या फरशीला बोल्ट मारलेला पिवळा खांब फक्त दिसायला.

ड्राइव्ह-थ्रूची (गाडीत बसूनच माल घेणाऱ्यांची) रांग रस्त्यावर येत असेल तर ऑर्डर सांगायचा खांब मागे सरकवा आणि मोठ्या ऑर्डरवाल्यांना पुढे थांबायला दोन जागा आखा. सकाळी सात ते नऊ हाच काय तो प्रश्न.

चावडी

पोलिसांकडे परत येते. पोलीस आणि डोनट यांचा मेळ कधी कधी खरंच गावाच्या कामी येतो. मिशिगनमधल्या क्लेअर गावात १८९६ पासूनची बेकरी २००९ मध्ये बंद पडायला आली, तेव्हा गावच्या पोलीस दलातल्या नऊच्या नऊ जणांनी मिळून ती विकत घेतली. नाव ठेवलं 'कॉप्स अँड डोनट्स'. २०११ मध्ये कॅलिफोर्नियातल्या हॉथॉर्नच्या पोलिसांनी 'कॉफी विथ अ कॉप' सुरू केलं. अजेंडा नाही, भाषण नाही, पोलीस कॉफी घेऊन बसतात आणि लोकांनी येऊन बोलायचं.

मालकांनो, असं काही भरवायचं तर तीन गोष्टी पाळा. वेळ सकाळची, कामावर जाणाऱ्यांची. पोलिसांना एका टेबलावर एकत्र बसू देऊ नका, नाहीतर ते आपसातच बोलतात. आणि त्यांच्या कॉफीचे पैसे घ्या. बऱ्याच पोलीस खात्यांत फुकट वस्तू घ्यायला बंदी आहे, आणि ते योग्यच आहे. फुकट डोनटच्या बदल्यात गस्त तुमच्याकडे जास्त वळली, तर पुढच्या गल्लीतल्या दुकानाकडे कमी वळली. तो हिशेब लोक ठेवतात.

वडेवाली

इथलं काय काय महाराष्ट्रातल्या वडा-भजीच्या दुकानाला लागू पडतं? दुकान आहे, गाडी नाही. कढई गॅसच्या भट्टीवर, हूड साधा. २०१७ च्या दुकानं-आस्थापना कायद्याने रात्रभर उघडं ठेवता येतं असं कळलं.

झारा

ताई, कायद्याने येतं. मात्र बायका रात्री साडेनऊ ते सकाळी सात या वेळात कामावर असतील तर त्यांची संमती आणि सुरक्षेची व्यवस्था मालकावर बंधनकारक आहे.

कढईला ना थर्मोस्टॅट ना हाय-लिमिट. म्हणजे तो पहारेकरी तुम्हीच. पेटत्या कढईपासून कुणी हलायचं नाही. फोन आला तरी आधी गॅस बंद. कढईच्या तोंडापेक्षा दोन-तीन इंच मोठं, मूठ असलेलं जाड लोखंडी झाकण भिंतीला टांगून ठेवा, कढईच्या मागे नको, बाजूला. पेटलीच तर गॅस बंद, झाकण आपल्या बाजूने ढालीसारखं पुढे सरकवत बसवायचं, आणि पूर्ण गार होईपर्यंत उचलायचं नाही. 'विझली का बघू' म्हणून उचललं की हवा लागते आणि पुन्हा भडकते. के-क्लास आपल्याकडेही मिळतो, तो घ्याच. कढई अर्ध्यापेक्षा जास्त भरू नका. बटाट्याच्या ओल्या भाजीचा वडा फुटला की तेल उसळतं.

तेलाच्या बाबतीत एफएसएसएआयची (अन्नसुरक्षेची सरकारी संस्था) मर्यादा १ जुलै २०१८ पासून आहे : एकूण ध्रुवीय संयुगं (तेल पुन्हा पुन्हा तापून खराब होताना तयार होणारी) २५ टक्क्यांच्या वर गेली की ते तेल तळणात वापरायचं नाही. नियम आरोग्यासाठी असला तरी असं तेल लवकर धुरतं, म्हणून आगीसाठीही तोच आकडा धरा.

चिमणीवाला

गॅसचं मी सांगतो. १९ किलोचा व्यावसायिक सिलिंडरच वापरा, घरगुती नाही. परवान्याशिवाय एका जागी एकूण १०० किलोपर्यंतच, म्हणजे भरलेले पाच. उभेच ठेवायचे, भट्टीच्या खाली कधीच नाहीत. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, गळला की जमिनीवर पसरतो, म्हणून हवेची जाळी खाली, फरशीलगत हवी. वरच्या खिडकीने काही होत नाही. नळी आयएसआय शिक्क्याची, पाच वर्षांच्या आत बदलायची, आणि तेलाने ओली झाली, कडक झाली किंवा चिरा दिसल्या तर लगेच. गळती साबणाच्या पाण्याने बघायची, काडीने नाही. वास आला तर पंख्याचं बटणसुद्धा दाबू नका, चालू असेल तर चालूच राहू द्या, बंद असेल तर बंदच. ठिणगी बटणातच पडते. रेग्युलेटर बंद, माणसं बाहेर, आणि बाहेर जाऊन १९०६ ला (गॅसगळतीचा तातडीचा नंबर) फोन.

वडेवाली

जाळी वरच आहे, खाली काहीच नाही. उद्याच फोडून घेते. झाकण किती जाड पत्र्याचं?

झारा

दोन मिलिमीटर पुरे, त्याहून पातळ वाकतं. मूठ लाकडी नको, लांब लोखंडी दांडा वेल्ड करून घ्या, हात ज्वाळेपासून दूर राहतो. आणि हातावर तेल उडालं तर वाहत्या गार पाण्याखाली वीस मिनिटं, घड्याळ लावून. बर्फ, टूथपेस्ट, हळद काही नाही.